प्रेमाने बोलायचं नाही

"तिच्याशी प्रेमाने बोलायचं नाही," मनस्विनीने आजोबांना पुन्हा एकदा बजावलं. "लाड करायचे नाहीत, अंगाला हात लावायचा नाही आणि नाव तर मुळीच ठेवायचं नाही."

आप्पा पडवीत बसून आंबे उतरवायच्या झेल्याची फाटलेली जाळी विणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"घोरपडीशी प्रेमाने कोण बोलतंय गो? मी तुझ्या आजीशीसुद्धा कधी बोललो नाही."

"आजीची गोष्ट वेगळी."

"तेच म्हणतो. आजी निदान भाकऱ्या भाजायची."

ही घोरपड घराच्याच परसात सापडली होती. मनस्विनीची आई वासंती हिने पडवळाच्या मांडवाभोवती, कोंबड्यांनी मुळं उकरू नयेत म्हणून, बंदरावरून आणलेलं मासे धरायचं जुनं जाळं लावलं होतं. त्यात घोरपडीचा मागचा पाय अडकला आणि सुटायच्या धडपडीत नायलॉनचा दोर खोलवर रुतला. वासंतीला आधी वाटलं, जाळ्यात सुकं लाकूड अडकलंय. ते काढायला ती वाकली, तेव्हा लाकडाने जीभ बाहेर काढली. मग वासंती स्वयंपाकघरात गेली ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही.

आप्पांना मात्र आनंद झाला होता. गुडघेदुखीवर घोरपडीच्या तेलासारखं दुसरं औषध नाही, असं त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं आणि तरुणपणी चोळूनही पाहिलं होतं. माळ्यावरची मोठी कढई काढा, असं त्यांनी फर्मावलंसुद्धा. मनस्विनी प्राणिशास्त्राची एम.एस्सी. आणि रत्नागिरीतल्या एका वन्यजीव गटाची स्वयंसेविका. वाघाला जो कायदा लागू आहे तोच घोरपडीला आहे, हे तिने शांतपणे समजावून सांगितलं. कढई काढलीत तर तुरुंगात जाल आणि तिथल्या फरशीने गुडघे आणखी धरतील, असंही सांगितलं. आप्पांनी कढईचा विचार सोडला. पण वाघ निदान वाघासारखा दिसतो तरी, असं ते संध्याकाळपर्यंत पुटपुटत होते.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पायाला टाके घातले. वनरक्षक येऊन पंचनामा करून गेले. गटाचा प्रमुख उन्मेष म्हणाला की जखमी प्राणी ठेवायचं केंद्र फार लांब आहे, तेवढ्या प्रवासात टाके उसवतील. वनखात्याची परवानगी घेऊ आणि जखम भरेपर्यंत तुझ्याकडेच ठेवू. आंब्याच्या पेट्या ठेवायची खोली हंगाम नसल्यामुळे रिकामी होती. घोरपडीची तिथे सोय झाली. बरी झाली की जिथे सापडली त्याच परिसरात सोडायची, असा नियम होता.

"फक्त एक सांभाळ," उन्मेषने जाताना सांगितलं. "तिला माणसाची भीती वाटली पाहिजे. माणसाला न भिणारी घोरपड म्हणजे आपल्या पायांनी कढईकडे चालत आलेली घोरपड."

म्हणून त्या चार अटी. शिवाय पाचवी अशी की घोरपड घरात आहे हे कोणाला सांगायचं नाही, आणि शेजारच्या गंगारामकाकांना तर नाहीच नाही. काकांचे गुडघे आप्पांच्या गुडघ्यांपेक्षा वाईट होते.

मनस्विनी आठवड्यातून तीन दिवस देवरूखच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला जाई. सकाळच्या एसटीने निघायचं, अंधार पडता परत. त्या तीन दिवसांपुरतं घोरपडीचं खाणं आप्पांकडे आलं. काम सोपं होतं. दाराखालच्या फटीतून ताटली आत सरकवायची आणि गप्प निघून यायचं. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि झेला विणत राहिले.

दिवाळी आली नि गेली. जखम भरत आली. मधल्या काळात वासंतीच्या कोंबड्या मात्र अंडी घालेनाशा झाल्या. म्हणजे घालत होत्या, घातल्यासारख्या ओरडतही होत्या, पण खुराड्यात अंडं सापडत नव्हतं. वासंतीने मुंगसाला दोष दिला. त्याच सुमारास टाके काढायला नेलेल्या घोरपडीला उचलताना डॉक्टर म्हणाले, "हिला काय बाळंतिणीसारखं खायला घालताय का?" मनस्विनीने ताटलीत घातलेलं सगळं खाणं मनातल्या मनात मोजून पाहिलं. ते बाळंतिणीला पुरणारं नव्हतं. ही विसंगती तिच्या लक्षात आली. तिचं कारण शोधायला मात्र वेळ झाला नाही.

कारण आपणहून सापडलं. एका बुधवारी कॉलेजात कसलीशी सभा निघाली, तास रद्द झाले आणि ती दुपारीच घरी आली. पेट्यांच्या खोलीतून आप्पांचा आवाज येत होता.

"आलीस का अवदसे? आली, आली कैदाशीण. कालचं जिरलं नाही तोवर आज पुन्हा तोंड वासून हजर. घे, खा मेले. घशात अडकून मर एकदाची, म्हणजे मी सुटलो."

मनस्विनीने फटीतून पाहिलं. आप्पा उपड्या पेटीवर बसले होते. त्यांनी हातातलं अंडं पेटीच्या कडेवर टिचकावलं. मान उंच करून त्यांच्या पायाशी बसलेल्या घोरपडीने ते त्यांच्या हातातून अलगद घेतलं. गिळताना तिने डोळे मिटले. आप्पांनीही मिटले.

मनस्विनी दार लोटून आत गेली. खरं तर दार वाजताच घोरपडीने पेट्यांमागे पळायला हवं होतं. तिने मान वळवून फक्त एवढंच पाहिलं, की या नव्या माणसाच्या हातात अंडं आहे का.

"आप्पा, मी काय सांगितलं होतं?"

"प्रेमाने बोलायचं नाही." आप्पा अजिबात गडबडले नाहीत. "एक शब्द प्रेमाचा बोललो असेन तर विचार तिला."

"आणि हे अंडं?"

"ते मी रागाने देतो."

 मनस्विनीने घातलेली अट आजोबांनी शब्दशः पाळली होती. चूक पाळण्यात नव्हती, अटीत होती. ती याच घरात वाढली होती. दहावीपर्यंत आप्पांनी तिला भवानी सोडून दुसऱ्या नावाने हाक मारलेली तिला आठवत नव्हती. एम.एस्सी.ला पुण्याला निघाली तेव्हा "जा, मर तिकडे" म्हणून आप्पा तिची ट्रंक घेऊन स्टँडपर्यंत आले होते आणि खिडकीतून भाजक्या काजूगरांची पिशवी मांडीवर टाकून मागे न बघता गेले होते. हॉस्टेलवर मैत्रिणींचे आजोबा फोनवर "बाळा, जपून राहा" म्हणत, तेव्हा त्या मुलींची तिला कीव यायची. तिला वाटायचं, यांच्या घरी यांच्यावर कोणाचा जीवच नाही. या घरात शिवी म्हणजेच लाड, हे तिला जितकं माहीत होतं तितकं जगात कोणालाच नव्हतं. आणि तरीही तिने आप्पांना सांगितलं काय, तर प्रेमाने बोलू नका.

तिने उन्मेषला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कोणी शिवी दिली की ती अंडं मिळेल म्हणून येणार. तुमच्या वाडीत शिवी न देणारं कोण आहे का?"

मनस्विनीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "शाळेतले नवे मास्तर आहेत. पण ते साताऱ्याचे. पुढच्या वर्षीपर्यंत शिकतील."

"मग सोडायची कशी?"

ते मनस्विनीला माहीत होतं, म्हणजे पुस्तकातून माहीत होतं. जी सवय लागते ती मोडताही येते. आता आप्पांनी शिव्या द्यायच्या पण अंडं द्यायचं नाही. खाणं वासंतीने मागच्या बाजूने मुकाट्याने ठेवायचं. काही दिवसांत शिवी आणि अंडं यांचा संबंध तुटेल.

"म्हणजे उपाशी ठेवून शिव्या द्यायच्या?" आप्पांनी विचारलं. "हे सासूचं काम झालं. मला जमायचं नाही."

तरी ते बसले. शिव्या दिल्या. घोरपड आली, थांबली, अंडं दिसेना म्हणून आणखी जवळ आली. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या लेंग्यावरून मांडीपर्यंत चढली. तिसऱ्या दिवशी तिने सदऱ्याच्या खिशात तोंड घातलं. बक्षीस बंद झालं की प्राणी सुरुवातीला जास्तच जोर लावतो, हे पुस्तकात होतं. ज्याच्या अंगावर तो जोर लावला जातो त्याला काय सांगावं, ते पुस्तकात नव्हतं. "अगो, भूक लागलीय तिला," आप्पा छातीवरच्या नख्यांकडे बघत म्हणाले. चौथ्या दिवशी खिशात अंडं सापडलं. ते तिथे कसं आलं हे आपल्याला माहीत नाही, असं आप्पांचं म्हणणं पडलं.

मग मनस्विनीने दुसरा उपाय काढला. आप्पांनी शिवी द्यायची आणि त्याच क्षणी वासंतीने पत्र्याचा डबा बडवायचा. शिवी म्हणजे भीती, असं घोरपडीच्या डोक्यात बसलं पाहिजे. पहिल्याच दिवशी कोंबड्या खुराडं सोडून फणसावर जाऊन बसल्या. आवाज ऐकून बागेच्या दगडी गडग्यापलीकडून गंगारामकाकांनी विचारलं, "माकडं आली काय रे म्हाताऱ्या?"

बागेत डबा बडवला जातो तो माकडांसाठीच. दुसरं कारण पटकन सुचण्यासारखं नव्हतं. "आली," आप्पा म्हणाले.

गंगारामकाका दुखऱ्या गुडघ्यांनी डबा शोधून घेऊन आले आणि आपल्या बाजूने बडवू लागले. त्यांचं ऐकून वरच्या घरातले बाहेर आले, मग खालच्या घरातले. त्या आठवड्यात एकही माकड न फिरकलेली ती वाडी रोज दुपारी माकडांविरुद्ध उभी राहू लागली. घोरपड पहिल्या दिवशी पेट्यांमागे दडली. तिसऱ्या दिवशी दडली नाही. शेवटी शेवटी तर डब्याचा आवाज सुरू झाला की ती बाहेर येऊन आप्पांच्या पेटीपाशी बसू लागली. आता आप्पा येणार, हे तिला त्यावरून समजत असे.

"जनावराला कळत नसेल तर माणसाने तोंड आवरावं," वासंती डबा खाली ठेवत म्हणाली. "पण हे तुझ्या आजोबांना सांगणार कोण?"

मनस्विनीने सांगितलं. घोरपड बागेच्या वरच्या टोकाला, उघड्या कातळाचा सडा लागतो तिथे सोडायची. ती तिकडे आपल्या आपण शिकार करून खाईल, हळूहळू सगळं विसरेल. तोवर, ओळखीचा आवाज तिच्या कानावर पडू नये म्हणून, आप्पांनी बागेत, परसात, गडग्यावर, कुठेही शिवी द्यायची नाही. कोणालाच नाही. आणि का देत नाही तेही सांगायचं नाही, कारण घोरपड कुठे आहे हे कळलं की कोणीतरी शोधत जाणारच.

आप्पा बराच वेळ जाळीची गाठ मारत राहिले.

"किती दिवस?"

"ती विसरेपर्यंत. दोन-तीन महिने धरा."

"गंग्याला तरी सांगू?"

"त्यांचे गुडघे बघितलेत ना?"

"बरं," आप्पा म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही याचीच मनस्विनीला थोडी धास्ती वाटली.

सोडायच्या दिवशी उन्मेष आला होता. पिशवीचं तोंड उघडल्यावर घोरपड कातळावर थोडा वेळ उन्हात पडून राहिली. मग मान उचलून तिने आप्पांकडे पाहिलं. आप्पा ओठ घट्ट मिटून समुद्राच्या दिशेला बघत उभे होते. तोंडातून एखादा शब्द सांडेल, या भीतीने त्यांनी श्वासही नाकानेच घ्यायचं ठरवलेलं दिसत होतं. शेवटी ती वळली आणि करवंदीच्या जाळीत शिरली. पायाचा व्रण तेवढा क्षणभर चमकला. उतरताना आप्पा एकही शब्द बोलले नाहीत, आणि मनस्विनीने तो शिस्तीचा भाग समजला.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली.

आप्पांच्या आणि गंगारामकाकांच्या बागांमध्ये जांभ्या दगडांचा एक गडगा होता. तो आपल्या जमिनीत हातभर सरकवलेला आहे, असं दोघांचंही म्हणणं होतं, आणि चाळीस वर्षं ते दोघं रोज सकाळी दात घासता घासता गडग्याच्या दोन बाजूंना उभे राहून तेच एकमेकांना सांगत आले होते. "तुझी लाकडं सड्यावरच्या मसणात गेली रे म्हाताऱ्या," असं काकांनी म्हणायचं. "तुझ्या तेराव्याला जेवल्याशिवाय नाही जात," असं आप्पांनी म्हणायचं. मग चहा. काकांची बायको गेली तेव्हा आप्पांनी दिवसकार्य होईपर्यंत कळ काढली होती. त्यानंतरच्या सकाळी गडग्यावरून ओरडले होते, "जिवंत आहेस काय रे मेल्या, का तिच्या मागून निघालास?" त्या दिवशी काकांनी पहिल्यांदा स्वतः चूल पेटवली, असं सगळी वाडी सांगते.

त्या गडग्यापाशी आता आप्पा येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नमस्कार गंगारामभाऊ. बरे आहात ना?"

काकांचं बोट तोंडातल्या तोंडात थांबलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आप्पांनी "थंडी आहे, जपा" असंही म्हटलं. त्या दुपारी काका मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले आणि खालच्या आवाजात वासंतीला विचारू लागले.

"डॉक्टरने काय सांगितलंन?"

"कोणाला?"

"म्हाताऱ्याला. माझ्यापासून लपवू नको. किती दिवस म्हणालान?"

काही झालेलं नाही, ते अगदी ठणठणीत आहेत, असं वासंतीने शपथेवर सांगितलं. शपथेवर सांगावं लागतंय त्या अर्थी प्रकरण फारच पुढे गेलंय, असं काका समजले. संध्याकाळपर्यंत वाडीला कळलं. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. लांज्याची चुलत बहीण फणसपोळी घेऊन आली. खालच्या घरातली गुणवंती कुळथाचं पिठलं घेऊन आली. ज्यांच्याशी आप्पांचं वर्षानुवर्षं धड नव्हतं तेही येऊन बसले. आप्पांनी प्रत्येकाची विचारपूस केली, प्रत्येकाचे आभार मानले. प्रत्येक जण डोळे पुसत बाहेर पडला. एवढा तोंडाळ माणूस, पण शेवटी कसा निवळला, असं पायऱ्यांवर बोलणं होई.

आप्पा सगळं सोसत होते. पण एके सकाळी ते गडग्यापाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. गडगा हातभर पलीकडे सरकला होता. गंगारामकाकांनी एकट्याने, त्या गुडघ्यांनी, एकेक दगड उचलून तो आपल्या जमिनीत मागे नेला होता आणि शेवटचा दगड बसवून घाम पुसत होते.

चाळीस वर्षं जे मागितलं ते समोर होतं. आप्पांच्या मानेच्या शिरा फुगल्या. मनस्विनी मागे उभी होती. तोंडात गोळा झालेले शब्द आजोबा एकेक करून गिळताहेत, हे तिला स्पष्ट दिसलं.

"कशाला त्रास घेतलात?" आप्पा शेवटी म्हणाले.

काकांनी मान खाली घातली आणि ते आत गेले. दुसऱ्या दिवसापासून ते गडग्यावर यायचेच बंद झाले. आप्पांचं जेवण कमी झालं. झेला विणून झाला होता, तो त्यांनी उसवला आणि पुन्हा विणायला घेतला.

काकांना खरं सांगून टाकावं, असं मनस्विनीला एकदा नव्हे, अनेकदा वाटलं. पण घोरपड कोणाच्या दारात दिसली नव्हती. प्रयोग यशस्वी होत होता. यशस्वी होत असलेल्या प्रयोगात मध्येच हात घालायचा नाही, असं तिला शिकवलेलं होतं. आणखी थोडे दिवस, असं ती प्रत्येक वेळी स्वतःला सांगत राहिली.

एका रविवारी दुपारी गंगारामकाका पुढच्या दाराने आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, पायात चपला. लोक दुखवट्याला जातात तसे. पडवीत बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"आप्पासाहेब," ते म्हणाले, "माझं काय चुकलं तेवढं सांगा. जमीन पाहिजे तर आणखी हातभर घ्या. पण मला अहो-जाहो करू नका. हिच्या मागे मला अरे म्हणणारे तुम्ही एकटे राहिलात."

आप्पांनी मनस्विनीकडे पाहिलं. तिने याआधी आजोबांना कोणाकडे असं बघताना पाहिलं नव्हतं. ती उठली. दोघांना आत घेऊन पुढचं दार लावलं, मग खिडक्या. आवाज कुठून बाहेर जाईल याचा तिने नीट विचार केला. स्वयंपाकघराचं मागचं दार तेवढं उघडं होतं, कारण वासंती बांगडे तळत होती आणि घरात धूर झाला असता. एवढ्याने काही होत नाही, असं तिला वाटलं.

"आप्पा, बोला," ती म्हणाली.

आप्पांनी दीर्घ श्वास घेतला.

"गंग्या मेल्या," त्यांनी सुरुवात केली, "गडगा सरकवतोस? माझ्या बापाने लावलेला दगड हलवायची तुझी छाती झाली? चाळीस वर्षं भांडलो तो काय दान घ्यायला? आणि त्या मोडक्या गुडघ्यांनी दगड उचलताना तिथेच आडवा झाला असतास, तर तुला खांदा द्यायला मी येणार होतो काय रे मुडद्या? तुझं मढं उचलायला चार माणसं तरी आहेत काय वाडीत धड?"

गंगारामकाकांनी टोपी काढली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. "आहे, आहे अजून म्हातारा," ते म्हणाले. "मी म्हटलं, गेला. तुझी लाकडं केव्हाच सड्यावर गेली रे, तू इथे फुकट जागा अडवून बसलायस."

पाऊण महिन्याचं तुंबलेलं होतं. दोघंही बसले आणि एकमेकांच्या तीन पिढ्या त्यांनी खाली उतरवल्या. वासंतीने न सांगता चहा टाकला. मनस्विनीला हसू येत होतं. आपण हे एवढे दिवस का लांबवलं, याची खंतही वाटत होती.

"मनू," वासंतीने आतून अगदी हळू हाक मारली.

मागच्या दाराच्या उंबऱ्यावर घोरपड होती. आता सडपातळ झालेली, उन्हाने रंग उजळलेली. पायावर व्रण. तिने जीभ काढून हवा चाचपली आणि सरळ आवाजाच्या दिशेने चालत आली. स्वयंपाकघर ओलांडलं, वासंतीच्या पायाजवळून, मनस्विनीच्या पायाजवळून. गंगारामकाका तिच्या ओळखीचे नव्हते, पण तिने त्यांच्या पावलावर पाय दिला आणि पुढे गेली. आप्पांसमोर येऊन तिने मान उंच केली. गळा लपलपत होता.

ती काहीही विसरली नव्हती. ती कोणाच्याही पायाशी अशीच जाऊन बसणार होती.

आप्पांचं तोंड उघडं होतं. चालू शिवी अर्धी राहिली होती. त्यांनी ती पुरी केली नाही. तोंड मिटलं, भिंतीला टेकवलेली काठी हातात घेतली आणि घोरपडीवर फेकली.

आप्पांनी जन्मभर लोकांना जिभेने सोलून काढलं होतं, हात मात्र कधी कोणावर उचलला नव्हता. आज पहिल्यांदा उचलला, तोही एक शब्द न बोलता.

काठी शेपटीच्या बुडाशी लागली. घोरपड फुगली. जाळ्यातून सोडवली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिने फूत्कार टाकला, आणि शेपटीचा एक फटका जमिनीवर मारून ती वळली. बांगड्यांची ताटली उलटली. परस, पडवळाचा मांडव, फणस. मग नुसता पाचोळ्याचा आवाज वर सड्याकडे जात राहिला आणि थांबला.

 डब्यांनी जे झालं नव्हतं ते एका काठीने झालं होतं, हे मनस्विनीला कळत होतं. हेच योग्य होतं हेही कळत होतं.

गंगारामकाका गुडघ्यावर हात टेकून वाकले, काठी उचलली आणि आप्पांच्या हातात दिली. तरुणपणी या माणसाने बिळात हात घालून घोरपडी काढल्या होत्या.

"मुंगूस होतं," ते म्हणाले. "हल्ली फार झालेत."

चपला घालताना ते मनस्विनीपाशी थांबले.

"आणि होय गो, दगड उचलल्यापासून माझे गुडघे मोकळे झालेत. आता तेलबिल काही लागत नाही मला."

ते गेले. त्यांना पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं, आणि मग यातलं काहीच झालं नसतं, एवढं मनस्विनीला त्या वाक्यातून समजलं. आप्पा तिथेच बसून होते.

"लागली काय गो तिला?"

"फार नाही," मनस्विनी म्हणाली. तपासल्याशिवाय ती कधी कशाबद्दल बोलत नसे.

संध्याकाळी उन्मेषचा फोन आला. त्याने सगळं ऐकून समाधान व्यक्त केलं. आता ती माणसाकडे फिरकणार नाही, आजोबांना माझा नमस्कार सांग, म्हणाला. मनस्विनीने निरोप दिला. आप्पा झेल्याची गाठ चाचपत होते.

"प्रेमाने बोलायचं नाही म्हणाली होतीस," ते म्हणाले. "शेवटी जमलं ते."

आता शिव्यांवर बंदी राहिलेली नाही. गडगा मूळ जागी न्यायचा असं आप्पांचं म्हणणं आहे आणि दिलेली जमीन परत घेणार नाही असं गंगारामकाकांचं. त्यामुळे सकाळचं भांडण पूर्वीपेक्षा जोरात चालतं. वाडीचा जीव भांड्यात पडला आहे. फक्त, भांडण ऐन रंगात आलं की मध्येच दोघंही एकदम गप्प होतात आणि वर करवंदीच्या जाळीकडे बघतात. तिथे काही हलत नाही. हेच तर हवं होतं, असं मनस्विनी ओट्यावरून स्वतःला सांगते.

मग आप्पा आणखी मोठ्या आवाजात सुरू करतात.